वाल्मिरचा गुडघा

इथे आयर्लंडमध्ये, कासलबारला मुलीच्या मॅचआधी चेंजिंग रूमच्या दारात मलमाचा झणझणीत वास आला आणि मला वाल्मिर आठवला.

तेव्हा मी किलकेनीला हाडांच्या वॉर्डात नवा डॉक्टर होतो. ब्राझीलचा वाल्मिर तिथल्या एका छोट्या फुटबॉल क्लबचा बचावपटू. गुडघा सुजून टम्म झालेला, अंगाला त्याच मलमाचा वास. मी रिपोर्ट घेऊन आलो, तर त्याचा मॅनेजर खाटेपाशी उभा होता.

"परत खेळेल?"

"नाही. कधीच नाही."

वाल्मिरला इंग्रजी जेमतेम कळायचं. तो आम्हा दोघांकडे बघून हसत होता. मॅनेजरने खुर्चीवरचं क्लबचं जाड जॅकेट उचललं. "नव्या माणसाला होईल," म्हणाला आणि निघून गेला.

आयर्लंडमध्ये 'ठीक आहे'ला सगळे 'ग्रँड' म्हणतात, तेवढा शब्द तो शिकला होता. वाल्मिरने मला विचारलं, "डॉक्टर, गुडघा ग्रँड?"

"ग्रँड," मी म्हणालो.

त्याने माझा हात घट्ट दाबला आणि लगेच आईला फोन लावला. खरं काय ते त्याला दुसऱ्या दिवशी वॉर्ड पुसणाऱ्या पोर्तुगीज बाईने त्याच्या भाषेत सांगितलं.

कितीतरी वर्षं मी माझ्या त्या खोट्याला दया म्हणत आलो. खरं तर मला दुभाषी बोलवायचा कंटाळा आला होता.