शाफ्टवरचा हिरवा रंग

कळंबच्या एका डाळ मिलमध्ये मी वीस वर्षं मोटारी सांभाळल्या. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मोटारीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आतले बेअरिंग किती दिवस काढतील ते सांगायचं, ही माझी ख्याती. मालक पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे, "ह्यो आमचा मिस्त्री. लई तिखट कान हाय ह्येचा." एवढ्यावर मी महिनाभर छाती फुगवून फिरायचो.

मग मिलमध्ये ड्राइव्ह आला. मोटारीचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारा, भिंतीवरचा डबा. जी मोटार वर्षानुवर्षं कुरकुरली नव्हती, तिचे बेअरिंग चार महिन्यांत बोंबलायला लागले. मी बदलले, पुन्हा गेले. ग्रीस बदललं, पट्टा ढिला केला, नकली माल देतो म्हणून दुकानदाराला चारचौघांत झापलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मालकांनी मला न विचारता माझ्या साडूला बोलावलं.

साडू माझ्याहून बारा वर्षांनी लहान, डिप्लोमा झालेला. सासुरवाडीचा थोरला जावई मी, पण हल्ली टीव्ही बिघडला तरी सासरे त्यालाच फोन करतात. तो आला ते ग्राइंडर घेऊनच. गेलेला बेअरिंग त्यानं सरळ कापला. आतल्या कड्यावर, पाट्याला टाकी लावावी तशा, आडव्या रेघाच रेघा.

"दादा, ड्राइव्हमुळं शाफ्टवर करंट येतोय," तो म्हणाला. "त्याला दुसरी वाट न्हाय, म्हणून बेअरिंगमधनं ठिणग्या मारीत जातोय."

मी आधीचे बेअरिंग भंगारात फेकले होते. कापून बघावं असं मला सुचलंच नव्हतं. मला कान होता ना!

त्यानं शाफ्टला, म्हणजे मोटारीच्या फिरत्या दांड्याला, घासत राहील असा छोटा कार्बनचा ब्रश बसवला आणि त्याची तार अर्थिंगला जोडली. करंटला वाट मिळाली. मालक हसून म्हणाले, "बघा मिस्त्री, किती सोपं हुतं." मला मिरच्या झोंबल्या. रोज सकाळी मी मोटारीला कान लावायचो, ती कुरकुरावी म्हणून. ती मेली गुपचूप चालायची.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळ्या मशिनी धुऊन, रंगवून पुजतात. रंगाचं काम माझं. आदल्या दिवशी साडूचा फोन आला, "दादा, ब्रशखालचा शाफ्ट तेवढा कोरा ठिवा. रंग लागला की करंट परत बेअरिंगात शिरंल."

"व्हय," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी साडूनं बसवलेला ब्रश उचलला, खालच्या शाफ्टवर हिरव्या रंगाचे दोन हात मारले, वाळू दिले आणि ब्रश जागेवर ठेवला. मग मोटारीला हळद-कुंकू वाहिलं आणि हात जोडले. लाज वाटली नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

संक्रांतीच्या सुमाराला मोटार घरघरायला लागली. मी धावतच मालकांकडं गेलो. "बेअरिंग गेले. शिकलेल्यांचा इलाज बघा!"

साडू आला. मालक त्याच्या शेजारीच उभे होते. त्यानं ब्रश उचलला, खालचा रंग नखानं खरवडला आणि माझ्याकडं बघितलं. वीस वर्षांची भाकरी त्याच्या एका शब्दावर होती.

"काय झालंय?" मालकांनी विचारलं.

त्यानं ब्रश खाली ठेवला. "ब्रश म्याच नीट बसवला नव्हता. चूक माझी हाय. दादा, जरा पॉलिश पेपर द्या."

मी दिला. तो मालकांकडं पाठ करून शाफ्ट लख्ख होईपर्यंत घासत राहिला.

"मिस्त्री, तुमचा कान पक्का हाय बघा," मालक म्हणाले. तीन महिने मी याच वाक्याची वाट बघत होतो.

आजवर त्यानं हे कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आधी मी त्याच्या हुशारीवर जळायचो. आता त्याच्या चांगुलपणावरही जळतो.