उजेड पलीकडून पडतो

ग्वारीघाटाला नर्मदेच्या पाण्यात उभं असलेलं छोटं देऊळ जबलपूरच्या निम्म्या कॅलेंडरांवर असतं. त्याचा सूर्योदयाचा फोटो मला तीस वर्षांत एकदाही धड काढता आला नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. मी तोफांच्या फॅक्टरीत नकाशे काढणारा माणूस. रेघ केसाइतकी हलली तरी मला चैन पडत नसे. पण या देवळापुढे माझं सगळं मोजमाप पाण्यात जाई. सूर्य वर आला की आकाश सुंदर येई, पाणी सुंदर येई, देऊळ मात्र काळंठिक्कर. बायको फोटो हातात घेऊन म्हणायची, "हे देऊळ आहे का कोळशाचा ढीग?" मग मी कॅमेऱ्याला दोष द्यायचो, कॅमेरा बदलला की लेन्सला, लेन्स बदलली की धुक्याला. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती तोंडाने कधी म्हणाली नाही. भाजी मात्र जरा जोरात ढवळायची.

त्यात आमचं घर महाराजपुरात, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. थंडीत पहाटे उठून स्कूटरवर अख्खं शहर ओलांडायचं आणि सूर्याच्या आधी घाटावर पोचायचं, हे माझ्यासारख्या झोपाळू माणसाचं काम नव्हे. अर्ध्या वेळा मी पोचेपर्यंत सूर्य बराच वर आलेला असे आणि घाटावरचे फुलवाले मला "आज भी लेट, बाबूजी" म्हणून हसत.

मी निवृत्त झालो तेव्हा झोपा काढल्या. ती निवृत्त झाली तेव्हा चालायला लागली. शाळेत आयुष्यभर उभं राहून शिकवलेली बाई, तिला बसवेना. गेल्या दिवाळीनंतर तिने जाहीर केलं की ती नर्मदेची परिक्रमा करणार, तीही पायी. मी आधी हसलो. मग तिने पांढऱ्या सुती साड्या शिवलेल्या पिशवीत घातल्या, तेव्हा हसू थांबलं.

परिक्रमेचा नियम साधा आहे. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती कुठेही ओलांडायची नाही. पूल नाही, नाव नाही. फक्त शेवटी, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे नावेतून पलीकडच्या काठाला जायचं. तिने ग्वारीघाटाहून सुरुवात केली. आमच्या काठाने पूर्वेला चालत अमरकंटकपर्यंत गेली, उगमाला वळसा घातला आणि दुसऱ्या काठाने परत यायला लागली. म्हणजे इतके आठवडे चालून बाई आली कुठे, तर आमच्याच घाटासमोर, नदीच्या पलीकडे. मध्ये नावेचं दहा मिनिटांचं पाणी.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. आवाजात दमणूक होती, पण उत्साह त्याहून जास्त.

"अहो, ऐकून राहिले ना? मी आपल्या घाटासमोरच्या आश्रमात आली. आज सकाळी देऊळ पाहिलं इकडून. सोन्यासारखं दिसतं हो! तुम्ही तीस वर्षं उलट्या बाजूने काढून राहिले होते."

तीस वर्षं मी उजेडाकडे तोंड करून उभा राहत होतो. सूर्य समोर, मध्ये देऊळ, मग ते काळं नाही दिसणार तर काय. हे कोणत्याही पोराला कळलं असतं. पण घाट म्हणजे आपला हा काठ, असं आमच्या डोक्यात इतकं पक्कं की पलीकडे जाऊन उभं राहावं हे मला कधी सुचलंच नाही.

"उद्या सकाळी या," ती म्हणाली. "सूर्य निघाला की आमची मंडळी पुढे निघणार. कॅमेरा घेऊन या. आणि नी-कॅप आणा माझी, कपाटात खाली आहे."

नी-कॅप. म्हणजे गुडघा बोलायला लागला होता. मी लगेच नागपूरला मुलीला फोन लावला, आणि मला जे ऐकायचं होतं तेच ती बोलली. "बाबा, बस हो गया ना आता. आईने अमरकंटक केलं, पुष्कळ झालं. इतकी जवळ आली आहे तर घेऊनच या तिला घरी. तुम्ही म्हटलं तर ऐकेल ती."

माझं म्हटलेलं ती कधी ऐकते हे मुलीने कुठे पाहिलं देव जाणे. पण मला तेवढंच निमित्त पुरलं. खरं सांगायचं तर मला गुडघ्याची काळजी होती आणि त्याहून जास्त मला घर खायला उठत होतं. दोन महिने मी एकटा खिचडी खात होतो. टीव्ही मोठ्याने लावून ठेवायचो, बघत नव्हतो. मी ठरवलं, फोटो काढायचा आणि तिला त्याच नावेतून घरी आणायची. दुपारभर बसून तिळाचे लाडू केले. सतरंजी काढली, तिची उशी काढली, घरात घालायच्या चपला पिशवीत टाकल्या. कॅमेऱ्याची बॅटरी सगळ्यात शेवटी आठवली.

त्या पहाटे मी गजराच्या आधी उठलो. धुकं असं की स्कूटरचा दिवा पुढच्या चाकापर्यंत जेमतेम पोचत होता. घाटावर आलो तेव्हा पुजारी पाण्यात उभे, दिसत नव्हते, फक्त मंत्र ऐकू येत होते. फुलवाली दोन वेळा माझ्याकडे बघून म्हणाली, "आज बाबूजी टाइम पे!" नाववाला म्हातारा ओळखीचा निघाला. मी सतरंजी अंथरली, उशी टेकवली. तो वल्हं हातात घेऊन हे सगळं शांतपणे बघत होता.

"वापसी में कितनी सवारी?" त्याने विचारलं.

"दो. हमारी मिसेस हैं उस पार. परिक्रमा में थीं, अब घर ले जा रहे हैं."

नाव तेव्हा पाण्याच्या मध्यावर होती. त्याने वल्हं थांबवलं. धुक्यात नुसतं पाण्याचं चुबुक चुबुक.

"माताजी परिकम्मा में हैं और आप नाव में बिठाओगे?"

"अरे भैया, घुटना..."

"घुटना मैया देखेगी. मैं नहीं बिठाऊँगा, बाबूजी. कल को मैया मुझसे पूछेगी, तूने काहे पार कराया. आप जाओ, मिलो, फोटो खींचो. वापसी एक ही सवारी की."

एवढं बोलून त्याने वल्हं पुन्हा मारायला सुरुवात केली. मी जन्माचा जबलपूरकर. हा नियम मला पाळण्यात शिकवल्यासारखा पाठ. तरी मी सतरंजी-उशी घेऊन निघालो होतो, आणि एका नाववाल्याने मला माझ्याच नदीचा नियम सांगावा, याची लाज वाटली. रागही आला. मनात म्हटलं, बघू. तीच हो म्हणाली तर पुलावरून गाडीने नेईन, तुझी नाव नको.

पलीकडे उतरलो तर ती काठावरच उभी. मी क्षणभर ओळखलं नाही. काळवंडली होती, गाल बसले होते, साडी गुडघ्याजवळ खोचलेली आणि गुडघ्याला फडकं बांधलेलं. पण डोळे असे की शाळा सुटल्यावरची मुलगी. सोबतच्या तिघी बायकांना तिने ऐटीत सांगितलं, "ये हमारे मिस्टर. फोटोग्राफर." त्या तिघींनी मला "नर्मदे हर" म्हणून नमस्कार केला, आणि एकीने पितळी पेल्यात चहा दिला. चहा गोडमिट्ट होता.

मी डबा उघडला. तिने लाडू दाताखाली धरला, काढला, उलटसुलट करून पाहिला. "हे लाडू आहेत का तुमच्या फॅक्टरीतले तोफगोळे?" तिघी बायका मराठीचं एक अक्षर न कळता हसल्या. मग तिने तो दगडावर ठेचून चौघींत वाटला. नी-कॅप चढवली, दोन पावलं चालून पाहिली आणि "झकास" म्हणाली. पिशवीतल्या चपला तिला दिसल्या. तिने त्या पाहिल्या आणि पिशवीचं तोंड बंद केलं.

माझं वाक्य तयार होतं: चल घरी. तीन वेळा जिभेवर आलं. पण एकदा ती त्या बायकांना कुणाकुणाच्या आश्रमात डाळ-भात चांगला मिळतो ते सांगत होती, एकदा तिने माझा मफलर नीट केला, आणि तिसऱ्यांदा धुक्यात उजेड आला.

आधी उजव्या हाताला धुकं पिवळं पडलं. मग पाण्यावर वाफेसारखं फिरायला लागलं, आणि थंडीत येणारे पांढरे पक्षी कुठूनसे थव्याने आले. समोर, पाण्याच्या मध्ये, ते देऊळ हळूहळू दिसायला लागलं. त्याच्यामागे आमचा घाट, पायऱ्या, माणसं, धुराच्या रेघा, सगळ्यावर आमच्या बाजूने ऊन. कळसावर ऊन आलं तेव्हा माझ्या तोंडून "अरे!" निघून गेलं. तीस वर्षं मी ज्याच्या पाठीकडे बघत होतो, त्याचा चेहरा असा होता. मी भराभर फोटो काढले.

"आले?" तिने विचारलं.

"आले."

"कोळसा?"

"सोनं."

ती खूश झाली. तिघींनी पिशव्या पाठीला लावल्या. आता निघायचं. मी धीर करून शेवटी एवढंच म्हटलं, "काखेत कळसा नि गावाला वळसा आहे बघ हा सगळा तुझा प्रकार. घर ते समोर दिसतंय."

"दिसून राहिलं ना," ती म्हणाली. "द्या तो कॅमेरा. तुमचा एक काढते. बसा नावेत."

आयुष्यात तिने माझा कॅमेरा हातात धरला नव्हता. मी तिला बटण दाखवलं, नावेत सतरंजीवर जाऊन बसलो. नाववाल्याने नाव चार हात आत घेतली. देऊळ माझ्यामागे होतं. ती काठावर, नी-कॅप घालून, एक डोळा मिटून. मी नाक वर करून पोझ दिली. तिने बटण दाबलं आणि सोडायचं विसरली. कॅमेरा खटाखट फोटो काढत सुटला. मी "सोड, सोड" ओरडत होतो, नाववाला हसत होता, पक्षी उडत होते, आणि ती काही कॅमेरा खाली घेईना.

मग घेतला. माझ्याकडे पाहत राहिली.

"असा चेहरा काहून करून राहिले?"

"कसा चेहरा?"

"मी कुठे दूर चालली का?" ती मोठ्याने म्हणाली, पाण्यावरून ऐकू यावं म्हणून. "घरीच येऊन राहिली मी. इकडून निघाली की पुढचं प्रत्येक पाऊल घराकडेच. फक्त जरा समुद्रावरून."

नाव काठाला टेकली. तिने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला, पट्टा सरळ केला. उशी नेली नाही, चपलाही नाही. उरलेल्या लाडवांचा डबा मात्र नेला. नदी उजव्या हाताला ठेवून चौघी चालायला लागल्या, आणि ती जराही लंगडत नव्हती, किंवा मी बघत होतो तोवर तरी नव्हती.

घरी येऊन मी फोटो कॉम्प्युटरवर टाकले. देवळाचे माझे फोटो छान आहेत, खरंच छान. मुलीने त्यातला एक मोठा करून मागितला. तिला मी सांगितलं, आई आली नाही, मी म्हटलंच नाही. ती थोडी चिडली, मग हसली.

पण मी भिंतीवर लावला आहे तो तिने काढलेला. खटाखट निघालेल्या फोटोंतल्या पहिल्या काहींत मी नाक वर करून बसलो आहे. मग ओरडतो आहे. आणि त्यानंतरच्या एकात ओरडणं संपलंय, मागे देऊळ उन्हात लखलखतंय, शेजारी सतरंजीवर तिची उशी आहे आणि मी नुसता तिच्याकडे बघतो आहे. जन्मभर मी कॅमेऱ्यामागे राहिलो, त्यामुळे तिच्याकडे बघताना मी कसा दिसतो हे मला माहीतच नव्हतं. जे वाक्य माझ्या जिभेवरून तीन वेळा परत गेलं, ते तिथे सगळं लिहिलेलं आहे. तिने ते वाचलं, उत्तर दिलं आणि निघाली.

आता तिचा फोन येतो तेव्हा मी आधी विचारतो, कुठवर आलीस. ती एखाद्या गावाचं नाव सांगते आणि मी भिंतीवरच्या नकाशावर खूण करतो. खुणा समुद्राकडे चालल्या आहेत. मुलगी व्हिडिओ कॉलवर नकाशा पाहून म्हणते, "बाबा, आई किती लांब गेली." मी तिला सांगतो, नीट बघ, जवळ येऊन राहिली आहे.