गावपळणीतलं हॉस्टेल

"हॉस्टेल रिकामं का करायचंय, मॅडम? पाणी शिरलं?"

"नाही, सर."

"आग?"

"नाही."

"मुलांनी काही केलं?"

"या वेळी नाही."

"मग?"

"देवाने सांगितलंय."

हे फोनवर चाललं होतं. पलीकडे आमच्या विद्यापीठाचे डेप्युटी रजिस्ट्रार होते. सगळ्या हॉस्टेलांचा कारभार त्यांच्याकडे. मुख्य कॅम्पस मोठ्या शहरात आहे, तिथे हजारो मुलं राहतात. आमचं उपकेंद्र मात्र मालवण किनाऱ्यावर, आचऱ्याच्या बाजूच्या एका गावात. इथे मुलं माशांचं आणि समुद्राचं शिकतात. मी तिथली रेक्टर. रेक्टर म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांची संध्याकाळी हजेरी घेणारी आणि सकाळी गरम पाणी का नाही ते सांगणारी बाई.

ज्यांना आमच्याकडचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळा गाव वेशीबाहेर राहायला जातो. त्याला गावपळण म्हणतात. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरं सगळी जातात. तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. खाडीपलीकडे झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात. देव 'या' म्हणाला तर परत यायचं, नाही म्हणाला तर मुक्काम वाढवायचा. मागची पळण झाली तेव्हा आमची इमारत नव्हती. आता ती होती, आणि बरोबर वेशीच्या आत होती.

मी ख्रिश्चन, मूळची वेंगुर्ल्याकडची. आपल्याला हे लागू आहे का, हे आधी विचारून घ्यावं म्हणून मी आबा परबांकडे गेले. आबा देवस्थानाचे मानकरी. कौलाच्या वेळी पुढे तेच असतात.

"आबा, आमकांय जावक होया?"

"म्हणजे? वेशीच्या आत रवतास मा?"

"मी किरिस्तांव, आबा."

"बाय, तुझो देव येगळो. पण तुझा मांजार आमच्या गावातला."

म्हणजे आम्हालाही जायचंच होतं. शिवाय मेस चालवणाऱ्या सुमती काकी गावातल्या, वॉचमन गावातला, झाडणाऱ्या बायका गावातल्या. काकी निघाल्या की मेस बंद, आणि मेस बंद म्हणजे हॉस्टेल बंद. देवाचा प्रश्न त्यानंतरचा.

साहेबांची अडचण वेगळी होती. "मॅडम, नियमात नैसर्गिक आपत्ती आहे, सुट्टी आहे. देव कुठल्या कलमात बसवू?"

"क्लबमध्ये बसवा, सर. नोंदणी झालेल्या क्लबला कॅम्प नेता येतो."

"कुठला क्लब?"

"तासाभरात कळवते."

आमच्या हॉस्टेलात क्लब भरपूर. नाट्य क्लब आणि निसर्ग क्लब यांचं कॉमन रूमवरून भांडण, ते माझ्या आधीच्या रेक्टरांपासून चालत आलेलं. फिल्म क्लब कुठला सिनेमा दाखवायचा यावर वर्षभर वाद घालतो आणि काहीच दाखवत नाही. राहिला ट्रेकिंग क्लब. त्याने एकच काम केलं होतं, टी-शर्ट छापण्याचं. त्याचा अध्यक्ष ओंकार, सांगलीचा. हा मुलगा जिना चढायला नको म्हणून तळमजल्याची खोली मागून घेतो.

"ओंकार, तुझा क्लब ट्रेकला चाललाय."

"कुठे, मॅडम?" त्याच्या चेहऱ्यावर खरी भीती होती.

"खाडीपलीकडे."

"पुलावरून?"

"पुलावरून."

"मग जमेल."

त्या संध्याकाळी सगळं हॉस्टेल ट्रेकिंग क्लबचं सभासद झालं. पालकांच्या लेखी परवानग्या मागवल्या. याला आमच्याकडे अंडरटेकिंग म्हणतात. मला वाटलं होतं, आईवडील शंका काढतील. एका वडिलांनी एवढंच लिहिलं, 'देव म्हणतो तर जाऊ द्या, पण स्वेटर घालायला लावा.'

माझ्या याद्या तयार झाल्या. सतरंज्या, टॉर्च, औषधं, मुलींच्या झोपड्या, मुलांच्या झोपड्या, माझं मांजर आणि त्याची टोपली. सगळ्यांवर टिक झाली. फक्त एका नावापुढे झाली नाही.

वैष्णवी. यवतमाळची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची. तिने अंडरटेकिंग दिलंच नव्हतं.

"मी नाही येणार, मॅडम. माझी पिल्लं आहेत."

पिल्लं म्हणजे काळुंदराची. काळुंदर हा खाडीत मिळणारा मासा. बोटाएवढी पिल्लं तिने लॅबच्या दोन टाक्यांत वाढवली होती, प्रत्येक टाकीत तीस. एका टाकीला नेहमीचं खाद्य, दुसरीला तिने स्वतः बनवलेलं. दर आठवड्याला वजन. कुठली टाकी जास्त वाढते, हाच तिचा प्रबंध. पाण्यात हवा सोडणारा पंप बंद पडला किंवा तीन दिवस खाणं चुकलं, तर सगळं पाण्यात. मग पुढच्या सेमिस्टरला पहिल्यापासून. आणि जूनमध्ये तिला एका मत्स्यबीज केंद्रात नोकरीवर हजर व्हायचं होतं, डिग्रीसकट.

"लॅबमध्ये गुपचूप राहते, मॅडम. दिवा लावणार नाही. देवाला कळणार पण नाही."

"देवाचं मला माहीत नाही. हजेरीत मला कळेल."

तिच्याकडे एक मोठा चमचा दिसला. मेसच्या इन्व्हेंटरीत कितीतरी महिने कमी येणारा तो हाच. टाकीच्या काठावर तो वाजवायचा आणि मग खाणं टाकायचं, ही तिची पद्धत. मी चमच्यावरही टिक केली आणि पुन्हा आबांकडे गेले.

"आबा, एकटा चेडू लॅबात रवला तर चलात?"

"कोंबो रवणा नाय थंय, तू चेडू खंय ठेवतलस?"

"तेचे मासे आसत."

आबांनी विडी विझवली. प्रश्न त्यांना आवडला असावा.

"समुद्रातलो मासो देवाचो. खाडयेतलो जेका मिळता तेचो. तुमचे टाकयेत. रोज जेवाक घालतास?"

"दोन वेळा."

"मगे ते पाळलेले. पाळलेला जनावर गावात रवाचा नाय. मासे पण चलतले."

साठ मासे ट्रेकिंग क्लबचे सभासद झाले, ते असे.

वैष्णवीच्या गाईड सरांना फोन केला. ते मुख्य कॅम्पसला असतात. त्यांनी डोक्याला हात लावला असेल, पण तोडगा दिला. टाक्यांतलं पाणी खाडीचंच होतं. तेव्हा पिल्लं ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांतून न्यायची आणि पलीकडे खाडीत दोन हाप्यांत सोडायची. हापा म्हणजे बारीक जाळ्याची पेटी, चार बांबूंना बांधलेली. पाणी आत-बाहेर जातं, मासे आतच राहतात. "प्रबंधात तसं लिहायचं," सर म्हणाले. "पण संख्या आणि वजन चुकलं, तर मी काही करू शकणार नाही."

निघालो. पुढे गुरं, मग गाव, मग आम्ही. पुलावर ओंकार दोनदा विश्रांतीला थांबला. पिशव्या वैष्णवीने कुणालाच धरू दिल्या नाहीत. हाप्यात सोडल्यावर साठही जिवंत निघाली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की चमचा लॅबमध्ये राहिला. परत जायची सोय नव्हती. वेशीला नारळ ठेवला होता, म्हणजे पुढच्या कौलापर्यंत आत जाणं बंद.

हॉस्टेलात मुलं आपापल्या टोळीत राहतात. विदर्भाचं टेबल वेगळं, सांगली-कोल्हापूरचं वेगळं, मुंबईची मुलं कानात इअरफोन घालून कोपऱ्यात. माझ्या झोपड्यांच्या यादीतही मी तशाच टोळ्या लावल्या होत्या, भांडणं नकोत म्हणून. यादी पहिल्या तासात कोलमडली. नाट्य क्लब भजनात शिरला. मुंबईची मुलं झावळ्या विणायला बसली आणि त्यांच्या झावळ्या सुटल्या की गावातल्या म्हाताऱ्या हसू लागल्या. विदर्भाने ठेचा काढला आणि तो चाखून आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "ह्या मिरचेक गावाभायर काडा," ते म्हणाले.

संध्याकाळच्या हजेरीला मी शिट्टी वाजवली. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा वाजवली. एक कुत्रा आला. रजिस्टर हातात घेऊन मी उभी होते आणि माझी मुलं गावभर, म्हणजे गावाबाहेरभर, पांगली होती. कोण आमचं, कोण गावचं, अंधारायच्या वेळी ओळखू येईना.

तेवढ्यात सुमती काकींनी पळी घेतली आणि स्टीलच्या ताटावर वाजवली. मेसमध्ये त्या रोज वाजवतात तशीच. चहूबाजूंनी मुलं धावत आली आणि रांगेत उभी राहिली. गावच्या पोरांनी मानही वळवली नाही. त्यांची चूल वेगळी होती. मी रांगेवरूनच हजेरी घेतली. एकच कमी, ओंकार. तो आबांच्या झोपडीत आधीच जेवत होता.

पिल्लं मात्र दोन दिवस नीट खात नव्हती. वैष्णवी खाणं टाकायची आणि काठावर बसून राहायची. येणारा-जाणारा हाप्यात डोकावायचा आणि सल्ला द्यायचा. बहुतेक सल्ले तिखट-मिठाचे असत.

"माझी पिल्लं खायची नाहीत," ती प्रत्येकाला सांगायची.

"आता नको गो. मोठी झाली काय मगे सांग," गाववाले म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती धावत माझ्या झोपडीशी आली. "मॅडम, माझ्या खाद्याच्या हाप्यात जास्त आहेत."

"जास्त म्हणजे?"

"मासे. जास्त."

गेलो. खरंच गर्दी दिसत होती. सुमती काकी काठावर हात पुसत उभ्या होत्या, चांगलं काम केल्याच्या समाधानात.

"काकी, तुम्ही घातलात?"

"व्हय. माज्या झिलान सकाळी खाडयेत पागाचा जाळा टाकल्यान. तेच्याच मापाची बारकी येचून काडलंय. ह्या चेडू दोन दिस रडता, पिल्लां खानत नाय म्हणता. चार मेली तर परीक्षेत कमी पडाक नको."

वैष्णवीने हाप्यात हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. काकींना काय झालं ते कळेना, आणि सांगायचं तरी कसं? लॅबची पिल्लं आणि खाडीची पिल्लं एकाच मापाची, एकाच रंगाची. कुठली वजन करायची? वर्षभराचं काम त्या जाळ्यात होतं आणि ते वेगळं काढता येत नव्हतं.

"माजा कायतरी चुकला?" काकींनी हळूच मला विचारलं.

"तुमची पळी आणि ताट आणा," मी म्हटलं.

मला मासे कळत नाहीत. पण आमचं कोण आणि गावचं कोण, हा प्रश्न मी पहिल्या संध्याकाळीच सोडवलेला पाहिला होता.

वैष्णवीने ताट अर्धं पाण्यात धरलं आणि काठावर पळी वाजवली. टिक, टिक, टिक. काही नाही. पुन्हा वाजवली. काठावर आता बरेच लोक जमले होते, आबासुद्धा. तिसऱ्या वेळी तळातून एक पिल्लू वर आलं आणि ताटापाशी तोंड उघडून थांबलं. मग दुसरं. मग घोळकाच. बाकीची आवाजाने बिचकून तळाच्या कोपऱ्यात दडली.

"ही माझी!" वैष्णवी ओरडली. "ही माझी आहेत!"

छोट्या जाळीने तिने वर आलेली एकेक काढून बादलीत घेतली. मी मोजत होते. एकोणतीस झाली. पळी आणखी वाजवली. तिसावं आलं नाही.

"प्रत्येक हॉस्टेलात एक असतो," मी म्हटलं. सगळ्यांनी ओंकारकडे पाहिलं.

बादलीतल्या पिल्लांचं वजन केलं. मागच्या आठवड्याशी जुळणारं आलं. गाईड सर फोनवर म्हणाले, एक कमी चालेल, तशी नोंद करा. वैष्णवीने फोन ठेवला आणि काकींना मिठी मारली. काकी अजून हाप्याकडेच बघत होत्या.

"मगे आता ही उरलेली तळूया?"

"नको, काकी! माझं एक त्यांच्यातच आहे."

"येकासाठी येवडी सोडतलस?"

सोडली. हापा उलटा केला आणि सगळी खाडीत गेली. आमचा एक विद्यार्थी तेव्हापासून ड्रॉपआऊट आहे.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. "परत कधी?"

"कौल लागला की, सर."

"अंदाजे?"

"देव अंदाजे सांगत नाही, सर."

दुपारी कौल मिळाला आणि आम्ही पूल ओलांडून घरी आलो.

वैष्णवी जूनमध्ये नोकरीवर हजर झाली, डिग्रीसकट. तोंडी परीक्षेत तिला विचारलं होतं, प्रबंधात 'स्थानिक परिस्थितीमुळे स्थलांतर' लिहिलंय, ते काय? तिने सगळं सांगितलं. परीक्षकांनी एवढंच विचारलं, की पुढची पळण कधी आहे. ट्रेकिंग क्लबला विद्यापीठाच्या मेळाव्यात सर्वाधिक सहभागाचं बक्षीस मिळालं. ते घ्यायला ओंकार स्टेजच्या पायऱ्या चढून गेला, हे मी स्वतः पाहिलं.

पुढच्या पळणीसाठी मी यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. हजेरीचं रजिस्टर त्यात आठव्या क्रमांकावर आहे. शिट्टी काढून टाकली. पहिल्या क्रमांकावर ताट आणि पळी. मेसवर वाढलेला जीव कुठल्याही पाण्यात सोडा, हाक मारून येत नाही. ताट वाजवलं की येतो.