पहिल्या वेच्याचा सायलेन्सर

देव वर्धा जिल्ह्यात अक्कल वाटायला आला तेव्हा आमचे जावई गाडीखाली झोपलेले होते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. जावई म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. राहणार सेलू, धंदा शेती, आणि छंद एकच, आपली म्हातारी डिझेल जीप घरच्या घरी सुधारणे. "गाडी आपली, मंग तिच्या पोटात दुसऱ्याचा हात काऊन घालू द्याचा?" असं ते विचारतात आणि स्वतःचा घालतात. मागे असाच हात घालून त्यांनी हॉर्न दुरुस्त केला, तेव्हापासून तो ब्रेक दाबला की वाजतो. "हे तं अधिकच चांगलं झालं," ते म्हणाले, "गाडी थांबून राह्यली हे लोकाईले समजते." चूक झाली असं हा माणूस जन्मात बोललेला नाही.

त्या जीपच्या आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. सायलेन्सर गंजून चाळणी झालेला. जीप गल्लीत शिरली की म्हशी दूध चोरत, झोपलेली पोरं किंचाळत उठत, आणि आमच्या पिपरी मेघेत त्यांची फेरी झाली की शेजारी दोन दिवस माझ्याशी बोलत नसत. बहिणीने हे सारं लग्नापासून सोसलं. पण माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि बहिणीने जाहीर केलं, "भाचीच्या लग्नाले मी या खटाऱ्यात बसून येणार नाई. लोक नवरी पाह्यतीन का मले? मी आपली एसटीनं जाईन." जावयांचा चेहराच उतरला. भाचीच्या लग्नात बायकोला शेजारी बसवून मांडवापुढे उतरायचं, एवढी एकच हौस त्यांनी इतकी वर्षं मनात धरली होती. दुसरी कुठली हौस त्यांना असल्याचं मला तरी ठाऊक नाही.

झालं, अंगणात पोतं अंथरलं गेलं. मी निमंत्रण द्यायला गेलो तर जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. "दादा, तो पाना द्या जरा," पाय म्हणाले. बोअरवेलच्या जाड पाइपाचा तुकडा, त्याच्या आत भोकं पाडलेली नळी, आणि मधल्या पोकळीत आवाज गिळायला काहीतरी ठासायचं, असा एकूण बेत होता. असं ठासायला न जळणारं सामान दुकानात मिळतं. पण आमचे जावई दुकानात कशाला जातील? घरात कापूस होता.

"आगीच्या नळीभोवती कापूस?" मी विचारलं.

"रजई पांघरल्यावर बाहेरचा आवाज येते का तुमाले?"

"नाही."

"मंग?"

या "मंग"पुढे माझं शिक्षण कधीच टिकलेलं नाही. मी चहा पिऊन घरी आलो.

लग्नाच्या दिवशी जीप मांडवासमोर आली ती खरोखर चोरपावलांनी. ब्रेक दाबल्यावर हॉर्न वाजला, तेव्हा कुठे लोकांनी वळून पाहिलं. शेजारी बहीण बसलेली, नवा शालू, मान ताठ. वाटेत चढावर एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं होतं, हे तिने नंतर सांगितलं. आवाज दाबता दाबता जावयांनी इंजिनाचा श्वासही दाबला होता. "पाह्यलं का दादा? आवाजच नाई!" ते म्हणाले आणि ऐट म्हणून उतरण्यापूर्वी त्यांनी एकदा जोरात रेस दिली. आधी मागून धूर आला. मग पेटलेल्या कापसाचे पुंजके उडाले. एक नवरदेवाच्या मामांच्या फेट्यावर जाऊन बसला, दुसरा मांडवाच्या झालरीकडे निघाला. वाढपी मठ्ठ्याच्या बादल्या घेऊन धावले. व्याही मंडळी खुर्च्यांवर चढली. आणि जावई सगळ्यांना धीर देत होते, "घाबरू नका! कापूस संपला का आपोआप विझते!"

मी धावत गेलो, जावयांच्या नावाने ओरडलो आणि बहिणीवर खेकसलो, "उतर आधी!" ती उतरली नाही. धुराने लाल झालेले डोळे पुसत ती हसत होती.

"त्याईच्यावर ओरडू नको, दादा. पहिल्या वेच्याचा कापूस हाये तो. घरात शेवटच्या वेचणीचा डागी माल पडून होता, तो भरला असता तं कोण पाह्यणार होतं? माह्यासाठी म्हणून पांढरा शुभ्र भरला त्याईनं."

मीही मठ्ठ्याची एक बादली उचलली. मामांचा फेटा विझला, मठ्ठा संपला, लग्न लागलं.

संध्याकाळी मुलगी सासरी निघाली. तिची गाडी नवी, फुलांनी सजवलेली. ती फाटकातून वळली आणि दिसेनाशी झाली. आवाज म्हणून नाही. मी रस्त्याकडे बघतच राहिलो. नंतर जावयांनी जीप सुरू केली. आतला कापूस जळून गेलेला, पाइप पोकळ, आवाज पूर्वीपेक्षा मोठा. शेवटची एसटी जायची होती अजून, पण बहीण कुणी न सांगता जीपमध्ये चढली आणि जाता जाता काहीतरी ओरडली. ओठांवरून कळलं, "सेलूले येजो, दादा!"

शेजाऱ्यांनी धडाधड खिडक्या लावल्या. जीप नाक्यावर पोचली ते मला ऐकू आलं, सेलूच्या रस्त्याला लागली तेही ऐकू आलं, आणि त्यानंतरही बराच वेळ तो आवाज लहान होत होत येत राहिला. पोरीच्या गाडीचा मला असा ऐकता आला नव्हता. तो पुरता थांबेपर्यंत मी फाटकातच उभा होतो. मागे घर होतं, आणि आत जायची हिंमत होत नव्हती.