मन्सूर मुलाण्याचा साहेब

मन्सूर मुलाण्यानं गळ्यात तुळशीची माळ घातली, मटण सोडलं, आता तो सुरीला हातसुद्धा लावत नाही, अशी बातमी त्रेपन्न सालच्या चैत्रात भोरच्या बाजारात आली. वेल्ह्याकडच्या डोंगरातून आली, म्हणजे उतारावरून आली, आणि उतारावरची वस्तू वाटेत थांबत नाही. चहाच्या दुकानात दोघंजण हळहळलेसुद्धा. एकानं मला गाठलं. “कुंडलिक, तू त्याच्या समोर राहतोस. खरं काय?”

मी शिंपी माणूस. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला एखादा टाका कमी पडेल, पण बातमीला अस्तर लावल्याशिवाय मी ती पुढं देत नाही. ह्या वेळी मात्र आहे तेच सांगितलं. आदल्याच दिवशी मन्सूरच्या घरातून खिम्याचा वास आला होता, आणि नुसत्या वासावर भागेना म्हणून मी वाटी घेऊन गेलो होतो. मन्सूर ओट्यावर बसला होता. गळ्यात माळ नव्हती. मांडीवर ससा होता.

मुलाणी म्हणजे कोण, हे शहरातल्या वाचकांना सांगावं लागेल. आमच्या मुलखात जत्रेचा देव हिंदूचा, बकरं हिंदूचं, खाणारे हिंदू. पण बकऱ्याच्या मानेवर सुरी ठेवायची ती मुलाण्यानंच. त्यानं बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय मटण चुलीवर चढत नाही, आणि चढलंच तर म्हातारी माणसं पानावरून उठतात. पाटलाच्या मनगटात बैल लोळवायची ताकद असली तरी बोकडासमोर तो हात मागं धरून उभा राहतो आणि म्हणतो, “मुलाणी, उरक.” वरच्यानं उद्या जाब विचारला तर बोट दाखवायला गावोगाव एक माणूस नेमून ठेवलेला. त्याच्या बदल्यात मुलाण्याला मानेचा वाटा, सुगीचं धान्य, आणि वर्षभर जरा लांबून रामराम.

मन्सूरकडं डोंगरातल्या एका वाडीचा हक्क आजोबापासून होता. माणूस उंच, खांद्यात वाकलेला, बोलायला काटकसरी. सुरी एवढी हलकी चालायची, की जनावराला कळायच्या आत संपलेलं असे. पण आळीतल्या शेळ्यांना कुठून कळायचं कोण जाणे, तो लांबून दिसला की दावं ताणून भिंतीला लागायच्या. समोरच्या रतनबाईची शेळी गाभण असली की ती दारातून म्हणे, “मुलाणीभाऊ, जरा पलीकडच्या बोळानं जावा.” आणि तो जायचा. वाद नाही, कुरकुर नाही. कुत्री तेवढी त्याच्या मागं लागत, पण त्यांचा लोभ हाताच्या वासाचा.

त्याला न भिणारं असं एकच जनावर निघालं, आणि ते आलं लष्करातून. त्याची बायको बिलकीस. तिचा भाऊ अल्लाउद्दीन पुण्याच्या लष्कर भागात एका गोऱ्या साहेबाकडं माळी होता. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा बंगल्यातल्या वस्तू नोकरांत वाटल्या गेल्या. घड्याळ खानसाम्याला, खुर्च्या धोब्याला, आणि अल्लाउद्दीनच्या वाट्याला ससा. त्याच्या घरी मांजर, म्हणून त्यानं ससा भोरला बहिणीकडं आणून सोडला. पांढरा, लांब केसांचा, पिंजाऱ्यानं नुकताच पिंजून ठेवल्यासारखा. डोळे तांबडे. बिलकीसभाभी म्हणाली, “बघतोय कसा, पगार कापणाऱ्यासारखा.” तिथंच त्याचं नाव साहेब पडलं. मी बाजारभर सांगत सुटलो, की इंग्रज गेले पण एक साहेब आमच्या आळीत राहिला, आणि तो मुलाण्याच्या पायावर बसतो.

बसायचाच. मन्सूर संध्याकाळी ओट्यावर टेकला, की साहेब उड्या मारत यायचा आणि त्याच्या पावलावर बैठक मारायचा. ज्या माणसाला बघून अख्ख्या आळीची जनावरं भिंतीला लागत, तो माणूस मग पाय हलवायचा नाही. मुंग्या आल्या तरी नाही. भाभी जेवायला हाका मारून दमायची.

त्या फाल्गुनात साहेबाच्या केसांच्या जटा झाल्या. ऊन वाढलं तसा तो धापा टाकायला लागला. हरिबा धनगर तेव्हा खाली आलेला होता. हा मन्सूरच्या हक्काच्या वाडीतलाच. दर साली मेंढरं भोरच्या शेतांत खतासाठी बसवायचा आणि मन्सूरच्या ओट्यावर तंबाखू मळायला यायचा. तो साहेबाकडं बघून म्हणाला, “मुलाणी, ह्याची लोकर काडाय पायजे. मेंढरू कातरतो तसा एका दमात कातरतो.”

मला ते इतकं पटलं, की मी दुकानातली कातर पुढं केली. हरिबा म्हणाला, “शिंप्याची कातर कापडाला. हे जितं अंग हाय.” आणि स्वतःची काढली.

मेंढरू कातरताना धनगर त्याला ढुंगणावर बसवतो, पाठ आपल्या गुडघ्यांत दाबतो आणि पाय दोरीनं आवळतो. मेंढरू एकदा असं बसलं की नव्या जावयासारखं मुकाट राहतं. हरिबानं साहेबाला तसंच धरलं, मागचे पाय तसेच आवळले. पण सशाचा सगळा जीव मागच्या पायांत. कातरीचा पहिला करकर आवाज झाला आणि साहेबानं होती नव्हती ती ताकद लावून लाथ मारली. पाय बांधलेले, लाथ जायची कुठं? ती उलटी त्याच्याच पाठीत गेली. वाळकी काडी मोडावी एवढासा आवाज झाला.

हरिबानं घाईनं दोरी सोडली. साहेब पुढच्या दोन पायांवर मन्सूरकडं निघाला, आणि मागचं अंग ओल्या फडक्यासारखं मातीतून ओढत आलं.



दुसऱ्या दिवशी हरिबा पुन्हा आला. “शीर धरली आसंल. डाग द्यावा लागंल. मेंढराची कंबर गेली तर आमी हेच करतो.”

“उठंल का?” मन्सूरनं विचारलं.

“मेंढरं उठत्यात.”

भाभीनं चुलीत विळा लाल करून दिला. मन्सूरनं साहेबाला छातीशी धरलं, त्याचं तोंड आपल्या बाहीत घेतलं. हरिबानं विळा कमरेवर टेकवला. केस जळल्याचा वास आळीभर पसरला. आम्ही बघणाऱ्यांनी दात आवळले होते. साहेब मात्र मन्सूरच्या बाहीचा वास घेत होता. तो घेतच राहिला.

हरिबानं विळा मातीत टाकला. “गेलं, मुलाणी,” तो म्हणाला. “ह्याला कळलंच न्हाई.”

गुरांचे डॉक्टर आले तेव्हा त्यांनीही पाठीवरून बोट फिरवून तेच सांगितलं. कणा मोडलाय, पाय यायचे नाहीत, सोडवलेलं बरं. आणि जाता जाता मन्सूरकडं बघून हसले. “तुम्हाला काय सांगायचं!”

हे शेवटचं वाक्य आळीनं उचललं. जो तो ओट्यासमोर थांबे, डागाची जखम बघून चकचक करी, आणि म्हणे, “मुलाणीभाऊ, हाल बघवत न्हाईत. तुमाला काय सांगायचं.” रतनबाई म्हणाली, भिकू तेली म्हणाला, मशिदीतून येणारे म्हणाले, देवळातून येणारे म्हणाले. एवढं एकमत आमच्या आळीचं नळाच्या पाण्यावरसुद्धा झालेलं मला आठवत नाही.

मन्सूर ऐकून घ्यायचा आणि कामाला लागायचा. साहेबाला आपली आपण लघवी होत नसे. पोटाखाली बोटं घालून हळूच दाबून ती करवावी लागे. मग कोमट पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं, जखमेवर खोबरेल लावायचं, कूस बदलायची. माशा बसल्या तर किडे पडतील म्हणून कुणीतरी सारखं पंखा हलवत बसायचं. लसूणघास तोंडाशी धरावा लागे. मी दुकानातल्या मऊ चिंध्या अंथरुणाला देत असे, आणि त्याचं मोल म्हणून ओट्यावरून ओरडत असे, “मन्सूरभाई, साहेबाची कचेरी उघडली का?”

“उघडली,” तो मान वर न करता म्हणे. “अर्ज घिऊन ये.”

भाभी माझ्याहून तिखट. “कुंडलिकभाऊ, माझ्या बाळंतपणात ह्यांनी पाण्याचा हंडा उचलला न्हवता. सशाला शेक देत्यात.” हे म्हणताना ती स्वतःचं लुगडं फाडत होती, सशाखाली घालायला. तिनंही एकदा लघवी करवून बघितली. पण तिचा हात जड, साहेब अंग चोरून थरथरायला लागला आणि थेंबभर रक्त आलं. त्यानंतर ते काम मन्सूरचंच. दिवसातून कितीदा तरी करायचं, आणि चुकलं तर साहेब फुगून मरायचा.

अशात वाडीची जत्रा आली. जत्रेला मन्सूर जायचा तो दोन मुक्काम करूनच यायचा. सशाला घरी ठेवणं शक्य नव्हतं. मग त्यानं पाटीत चिंध्या घातल्या, वर ओलं फडकं धरलं, आणि साहेबाला घेऊन निघाला. आंबवड्यापर्यंत एसटी, पुढं डोंगर. मी म्हणालो, “मन्सूरभाई, नवसाला ससा चालतो होय?” तो एसटीच्या थांब्यापर्यंत पोचला असेल नसेल, साहेब उन्हानं तोंड उघडून श्वास घ्यायला लागला. मन्सूर तिथूनच परत फिरला. हरिबा वाडीलाच निघाला होता, त्याला म्हणाला, “पाटलांना सांग, औंदा जमत न्हाई. आजच दुसरा मुलाणी बघा.”

हरिबानं निरोप दिला, पण उशिरा, आणि आपल्या पद्धतीनं. ससा पांगळा झाला म्हणावं, तर कसा झाला असं पुढं विचारणार. पांगळा कुणी केला ते सांगावं लागणार. म्हणून जत्रेच्या सकाळी, बकरी बांधून झाल्यावर, हरिबा म्हणाला, “मुलाण्यानं माळ घातलीया.” आणि ती बातमी उतारावरून खाली आली.

साहेब मृगाच्या आत गेला, आपला आपण, मन्सूरच्या पायाशी. वाडीचा हक्क किकवीच्या मुलाण्याकडं गेला तो आजतागायत तिकडंच आहे. पुढच्या साली सुगीचं धान्य आलं नाही, आणि भाभीनं आमच्या दुकानातून काजं-गुंड्या करायचं काम घरी नेलं. हरिबा मेंढरं घेऊन खाली येतो, पण आमच्या आळीतून जात नाही. लोक अजून माळेचीच गोष्ट सांगतात. ती ऐकायला बरी लागते. त्यात देव आहे, पश्चात्ताप आहे. खरं बोलणं झालं ते जत्रेनंतर चार दिवसांनी, वाडीचे पाटील आनंदराव मन्सूरच्या ओट्यावर आले तेव्हा. मी समोरच बसलो होतो.

भाभीनं घोंगडी अंथरली. आनंदराव बसले नाहीत.

“मुलाणी, माळ कुठाय?”

“कसली माळ?”

आनंदरावांनी हरिबाचा निरोप सांगितला. मन्सूरनं ऐकून घेतला. “हरिबा म्हनला व्हय,” एवढंच बोलला. दोरीची, कातरीची गोष्ट काढली नाही.

“बकरी सकाळधरनं उनात बांदलेली,” आनंदराव म्हणाले. “पोरं रडत्यात, पावणं उपाशी. किकवीचा आला त्यो दिस बुडताना. आता म्हनतोय, हक्क कायमचा द्या, न्हाईतर म्होरल्या साली येनार न्हाई.”

“देऊन टाका.”

“तुज्या आज्यापास्नं चालत आलाय त्यो.”

“व्हय.”

आनंदराव आता घोंगडीवर बसले. आवाज मऊ झाला. “हे बघ, पंचांस्नी मी गप करतो. पर वाडीत जाऊन मला सांगता आलं पायजे, का मुलाणी आपला हाय, त्याची सुरी जागच्या जागी हाय. हितं माज्या म्होरं ह्या सशाला सोडव. त्याचं हाल संपत्याल, तुजं बी. एका हाताचं काम.”

साहेबाच्या डागावर माशी बसली. मन्सूरनं ती हातानं उडवली.

मला राहवलं नाही. “पाटील,” मी म्हणालो, “एका हाताचंच काम असेल तर तुम्हीच उरका की. सुरी आत आहे, भाभी देतील.”

आनंदराव खरोखर दचकले. “शिंप्या, काय बोलतोस? मला पाप लागंल न्हवं.”

मन्सूरनं साहेबाची कूस बदलली, खालची चिंधी सारखी केली, आणि मग आनंदरावांकडं बघत, नेहमीच्याच आवाजात म्हणाला,

“तुमच्या बकऱ्याला तुमी मुलाणी बलवता. ह्यो ससा माजा हाय. म्या कुणाला बलवू?”