सोलरवर वाळत घातलेली तूर

डाळीसाठी तेल चोळलेल्या तुरीचा वास आला की मला मुडबीजवळच्या शेतातली आमची पत्र्याची खोली आठवते. वर सोलरची एकच प्लेट, खाली एक बॅटरी, आणि तिच्यावर चालणारं आईचं दम्याचं वाफेचं मशीन. त्या दुपारी शेजारच्या रानात हरभऱ्याची रास, म्हणजे मळणी, चालली होती. धुळीने आईला धाप लागली आणि मशीन दोनदा घरघरून बंद पडलं. दवाखान्यात न्यायला बोलावलेली गाडी गावातून यायला अर्धा तास होता, आईला श्वास पुरत नव्हता. घरातला वायरमन मीच. वायरी ओढल्या, बॅटरी थोपटली, सोलर विकणाऱ्या दुकानदाराचा उद्धार केला. आईची पाठ चोळत बायको म्हणाली, “आवं, त्याला कामून शिव्या द्यायलाव? प्लेटीवर लुगडं टाकून तूर तुम्हीच वाळू घातली न्हवं?” दोन दिवसांपासून घातली होती, एवढी तापलेली काच वाया का घालवायची, हा माझा विचार. धडपडत शिडी चढलो, लुगडं ओढलं, तूर अंगणभर सांडली. तरी मशीन गप्पच. “चाललं का?” मी वरून विचारत राहिलो. शेवटी मशीनची घरघर ऐकू आली आणि मी खाली उतरलो. धाप बसल्यावर आई बोलली, “बाबा, तूर गोळा कर, कोंबड्या खायल्यात.” आज खोलीवर दोन प्लेटी आहेत, शिडी मात्र बायको कुलपात ठेवते.