दोन गाड्या, तीन माणसं आणि आईंचा डावा गुडघा

दसऱ्यानंतरच्या शनिवारी सकाळी साडेसहाला गोंदियातल्या आमच्या घरासमोर दोन गाड्या उभ्या होत्या आणि फिरायला जाणारी माणसं होती तीन. शेजारच्या काकू विचारून गेल्या, "बरात कहाँ जा रही है?"

बरात नव्हती, परीक्षा होती. एक गाडी आमची लाल, पेट्रोलची, येत्या मार्चमध्ये पंधरा वर्षांची होणारी. मार्चनंतर ती चालवायची तर आरटीओत पुन्हा पासिंग करा, त्याआधी खालचा गंजलेला पत्रा बदला, सस्पेन्शनचं काम काढा. दुसरी गाडी पांढरी, इलेक्ट्रिक, माझ्या दिराची. ते नागपूरला असतात. कामासाठी रायपूरला रेल्वेने जाताना ही गाडी आमच्या दारात लावून गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, दोन वर्षं झाली तुमचं नुसतं बोलनं चालू हाय. दोन दिवस चालवून पाहा अन् ठरवून टाका."

आता माणसं सांगते. मी मीनल, ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते. संजय माझा नवरा, त्याला इलेक्ट्रिक गाडी हवी म्हणजे हवीच होती. आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय सदुसष्ट, निवृत्त आरोग्यसेविका. आमगाव-सालेकसा भागात अर्धी नोकरी मोपेडवर काढून बावन्नाव्या वर्षी त्या गाडी शिकल्या आणि स्वतःच्या पगारातून ही लाल गाडी घेतली. कागदोपत्री गाडी त्यांचीच आहे. नव्या गाडीचा विषय निघाला की त्यांचं एकच वाक्य असायचं, "चालून राहिली नं? मंग कायले इकायची?"

 गंमत म्हणजे दोन वर्षांत त्यांनी स्वतः ती गाडी एकदाही चालवली नव्हती. आम्ही धरून चाललो होतो की वय झालं, आता हौस राहिली नसेल.

ठरलं असं: दोन्ही गाड्या एकाच रस्त्याने न्यायच्या. आमगाव, सालेकसा, हाजरा फॉल, देवरी, नवेगावबांध, आणि रविवारी कोहमारा-गोरेगावमार्गे परत. पांढरी मी चालवणार, लाल संजय चालवणार, आणि आई परीक्षक म्हणून कधी इकडे, कधी तिकडे.

सुरुवातीला त्या अर्थातच लाल गाडीत बसल्या.

गोंदिया ते आमगाव रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलेलं, लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झालेली. मी पुढे होते. गाडी सुरू झाली आहे की नाही हे कळायलाच मला पहिली दहा मिनिटं लागली. आवाजच नाही! सिग्नलवर एका ऑटोवाल्याने वाकून विचारलं, "मॅडम, बंद पड़ गई क्या?" मी पायाने हलकंच दाबलं आणि त्याचं वाक्य संपायच्या आत चौक ओलांडला. गाडीत एकटी होते, तरी मोठ्याने हसले.

आमगावला स्टेशनच्या बाजूला तर्री-पोहे आणि लाखोरीच्या डाळीची भजी खाल्ली. या बाजूला येणार असाल तर लाखोरीची भजी चुकवू नका, आणि नऊच्या आत पोहोचा. त्यानंतर फक्त तर्री उरते.

सालेकशापासून डोंगर जवळ येतात. दरेकसा स्टेशनाजवळ हाजरा फॉल आहे. गाव समितीचं नाममात्र तिकीट आहे, गाडी लावून थोडं चालावं लागतं. पावसाळा संपला होता तरी पाणी भरपूर होतं, तुषार थेट चष्म्यावर येत होते. जवळच्या बोगद्यातून मालगाडी गेली की सगळी दरी गडगडते. संजय आणि मी पाण्यापर्यंत उतरलो. आई वरच्या बाकावर बसून राहिल्या. डाव्या गुडघ्यावर हात ठेवलेला होता. मी विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणाल्या, "नाई वो. जा तू, पाय ओले कर."

खरा प्रवास देवरीनंतर सुरू झाला. हायवेवर एका हॉटेलात चार्जर असल्याचं ॲप सांगत होतं. होता खरा. त्यावर ताडपत्री टाकलेली होती आणि ताडपत्रीवर मिरच्या वाळत होत्या. मालक म्हणाला, "महिन्यापासून बंद हाय. जेवन चालू हाय." माझ्या गाडीची बॅटरी निम्म्यावर आली होती. संजयचा चेहरा पडला. आई मात्र खूश! "पाह्यलं? पेट्रोल पंपावर कोनी मिरच्या वाळवते का?"

त्यांची खुशी पंधरा किलोमीटर टिकली. आरशात पाहते तर लाल गाडी मागे दिसेना. फोन वाजला. क्लचची वायर तुटली होती.

मी वळून मागे गेले. नशिबाने गाडी एका पंक्चरच्या दुकानापाशीच थांबली होती. दुकानदार, पन्नाशीचे शांत गृहस्थ, बोनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "मामूली काम है भैया. पर वायर कोहमारा से लाना पड़ेगा. डेढ़ घंटा पकड़ो." आणि मोटरसायकलला किक मारून निघूनही गेले. संजय दुकानाची राखण करत बसला, कारण तिथे दुसरं कोणीच नव्हतं. तेवढ्यात एक सायकलवाला आला आणि त्याने संजयकडून हवा भरून घेतली. मी त्याचा फोटो काढत होते. वळून पाहिलं तर आई नाहीत.

त्या पांढऱ्या गाडीत बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर.

दार उघडं होतं, वाकून खाली पाहत होत्या. मला म्हणाल्या, "मीनल, याचा तिसरा पाय कुठं हाय?"

"तिसरा पाय?"

"क्लच वो."

"नाही आई. याला क्लच नसतो. चालवायचं आणि थांबवायचं, दोनच."

"म्हणजे डाव्या पायाले कामच नाई?"

"काहीच नाही."

 त्यांनी पर्समधून पाकीट काढलं, पाकिटातून लायसन्स काढून मला दाखवलं. मुदत शिल्लक होती. आमच्यापैकी कोणालाही न सांगता, गेल्याच वर्षी जाऊन वाढवून आणलं होतं. म्हणाल्या, "बस बाजूले."

दुकानामागे रिकामं मैदान होतं. तिथे आम्ही चार फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत ब्रेक इतका जोरात दाबला की माझी पाण्याची बाटली डॅशबोर्डवर आपटली. दुसऱ्या फेरीत डावा पाय सवयीने उठायचा आणि रिकाम्या जागी पडायचा. तिसऱ्या फेरीत त्यांनी तो पाय दुमडून सीटखाली घेतला. चौथ्या फेरीत त्या हसायला लागल्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्यांना हसताना पाहिलंय, पण असं नाही. खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांना पाहून मलाही आवरेना. मैदानाच्या कडेला एक म्हातारे बाबा बकऱ्या चारत होते. त्यांनी ओरडून विचारलं, "काऊन वो बाई, गोल गोल फिरून राहिल्या? रस्ता नाई सापडत का?"

"सापडला जी, आताच सापडला!" आई ओरडल्या, आणि गाडी थेट रस्त्यावर घेतली.

संजयला आम्ही कोहमाऱ्याला पोहोचल्यावर फोन केला. (आधी करायला हवा होता, कबूल.) तो म्हणाला, "मी दुकान सांभाळून राहिलो इकडं, तुम्ही कुठं?" मी म्हटलं, "पुढे." त्याने विचारलं, "आई तुझ्यासोबत हाय नं?" मी म्हटलं, "मी आईंसोबत आहे."

कोहमाऱ्याहून नवेगावबांधचा रस्ता दोन्ही बाजूंना झाडांचा, शांत. आई चाळीसच्या वेगाने चालवत होत्या. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर. एका वळणावर माकडांची अख्खी टोळी रस्त्यात बसलेली. गाडी इतकी गुपचूप गेली की माकडं हलेचनात. हॉर्न द्यावा लागला तेव्हा एकेक जण आरामात उठला.

नवेगावला आम्ही साध्या लॉजमध्ये राहिलो. खोली स्वच्छ, आणि जेवणात तलावातल्या मासोळीचा रस्सा आणि गरम भात. सांगून ठेवायला लागतं, नाहीतर मासोळी मिळत नाही. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्यावी: जाडा सॉकेट, म्हणजे एसीचा मोठा प्लग बसतो तो. मॅनेजर म्हणाले, "एसीची लाइन हाय, तिच्यावर लावा. मंग एसी नाई चालनार." गाडीने एसीची वीज प्यायली, आम्ही पंख्याखाली झोपायचं ठरवलं. ऑक्टोबरच्या उकाड्यात हा सौदा सोपा नव्हता, पण बॅटरी बावीस टक्क्यांवर आली होती.

संजय पाचच्या सुमारास पोहोचला, हात काळे, चेहरा फुललेला. गाडीतून उतरायच्या आधीच सुरू: "एक वायर! एका वायरीत पुन्हा चालू झाली गाडी! तुमच्या त्या पांढरीले असं काई झालं तं नागपूरहून माणूस बोलवा लागन." नव्या गाडीसाठी दोन वर्षं घर डोक्यावर घेणारा माणूस आता जुनीच्या प्रेमात पडला होता. मग त्याला बातमी कळली.

"आई, इथवर तू चालवत आली?"

"मंग, उडत आली का?"

संध्याकाळी आम्ही तिघं तलावाच्या बांधावर बसलो. पाण्यावर बदकांची पहिली ओळ उतरत होती. तेव्हा आईंनी सांगितलं. गुडघा दोन वर्षांपासून क्लच दाबू देत नव्हता. एकदा त्या एकट्याच बाजारात जायला निघाल्या, कोपऱ्यावर चढावात पाय सुटला, गाडी मागे सरकली. मागे कोणी नव्हतं, काही झालं नाही. गाडी परत आणून लावली आणि कोणाला बोलल्या नाहीत.

"मंग इकायले काऊन नाई म्हणत होती?" संजयने विचारलं.

आई तलावाकडे पाहत म्हणाल्या, "गाडी दारात उभी होती तवरक मी डायवर होती. चालवो का नाई चालवो. ते गेली असती तं मी नुसती तुमच्या गाडीत मागं बसणारी बुढी झाली असती."

 दोन वर्षं आम्ही मायलेज, हप्ते आणि पासिंग यांवर भांडत होतो. त्यांच्या पायाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. संजय उठला आणि आईच्या दुसऱ्या बाजूला, अगदी चिकटून बसला. आईंनी त्याला ढकललं, "हात धू आधी. ग्रीस लावतो का मले?"

सकाळी बॅटरी नव्वदच्या पुढे होती. मधे दोन तास वीज गेली होती, तरीही. परतीला मुरदोलीच्या जंगलाचा पट्टा लागतो. नागझिऱ्याचे प्राणी हाच रस्ता ओलांडतात, तेव्हा कृपा करून इथे गाडी हाणू नका. नागझिऱ्याची सफारी करायची असेल तर बुकिंग आधी करा, आणि तिथे तुमची गाडी पेट्रोलची की विजेची याने काही फरक पडत नाही, आत जिप्सीच जाते. आम्ही सफारी केली नाही. आमची सफारी आई चालवत होत्या.

गोरेगावच्या पुढे एका आतल्या रस्त्याला आम्ही वळलो. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, तिथे गर्दी व्हायला नको. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधे एक बोडी, म्हणजे शेतातलं छोटं तळं. आईंनी गाडी अलगद थांबवली आणि काच खाली केली. धानात दोन सारस उभे होते. माणसाएवढे उंच, राखाडी, लाल डोकी. आणि त्यांच्या मधे तपकिरी पिल्लू. तीस-चाळीस पावलांवर. आमच्या जिल्ह्यात सारस आहेत हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, पण कुटुंब इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. गाडीचा आवाज नसल्याने त्यांनी मान वळवून फक्त एकदा पाहिलं आणि पुन्हा चरायला लागले. नराने मान वर करून हाक दिली, मादीने लगेच साथ दिली. तो आवाज छातीत लागतो.

तेवढ्यात मागून लाल गाडी आली, धडधडत. सारसांनी पिल्लाला घेऊन बोडीच्या पलीकडचा रस्ता धरला. संजय उतरून विचारतो, "काय होतं?"

आई इतक्या हसल्या की त्यांना उत्तर देता येईना.

निर्णय त्याच आठवड्यात झाला. मी खोटं सांगणार नाही, सोपा नव्हता. हप्ता जड आहे, हायवेवर चार्जरचा भरवसा नाही, आणि रस्त्याच्या कडेला एका वायरीत पुन्हा चालू होणारी गाडी सहज सोडवत नाही. तुमच्या घरी कोणाचा गुडघा दुखत नसेल आणि मेकॅनिक ओळखीचा असेल, तर जुनी चालू ठेवा, मनापासून सांगते. आम्ही इलेक्ट्रिक घेतली. शोरूममधल्या तरुणाने फॉर्म भरताना संजयकडे पाहून विचारलं, "भैया, चलाएगा कौन?" आईंनी लायसन्स टेबलावर ठेवलं. लाल गाडी तिरोड्याच्या एका शिक्षिकेने घेतली. नवीनच शिकली आहे, क्लचची सवय करायला तिला तशीच गाडी हवी होती. संजयने तिला किल्लीसोबत एक जास्तीची क्लच वायर दिली आणि घरी येऊन बराच वेळ अंगण झाडत बसला. अंगण स्वच्छच होतं.

आज रविवार. हे लिहायला बसले तेव्हा आईंना विचारायचं होतं की तुमचा फोटो ब्लॉगवर टाकू का. घरभर शोधलं, त्या नव्हत्या. दारात गाडीही नव्हती. फोन लावला. मागे त्यांच्या दोन मैत्रिणींचा, दोन निवृत्त सिस्टरबाईंचा, एकाच वेळी बोलण्याचा आवाज येत होता.

"आई, कुठं आहात?"

"आमगावच्या पुढं. भजे खाऊन राहिलो होतो, आता सालेकशाले जाऊन राहिलो. ठेव फोन, गाडी चालवून राहिली मी."